अकरा डबे पाणी

कॅरॅव्हॅन कोरडी होती, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले त्यावरून दोह्यातील आमच्या कोकणी मंडळींनी असे ठरवून टाकले की, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाने जाता जाता महमूद नाखव्याच्या गळ्यात कुजकी गाडी बांधली. हे म्हणणे माझ्याविषयीच्या कणवेतून आलेले आहे. पण ते खरे नाही. गाडी मी स्वतः दाबून, ठोकून, हुंगून घेतली होती, आणि ती घेतली त्या दिवशी तिच्यात ओलीचा एक थेंब नव्हता.

१९५९ साली मी दोह्याच्या मुशैरिब वस्तीतील एका बांधकाम कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होतो. लाकूड, सिमेंट, रंग, खिळे यांची आवकजावक माझ्या हाती असे, आणि आवारामागच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहत असू. माझे घर रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीवर. आजोबांपर्यंत आमच्या घरची गलबते होती. नाखवा हे आडनाव तेथूनचे. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत मी व माझी पत्नी ताहेरुन्निसा एका छपराखाली राहिलो ते सगळे मिळून सोळा महिने.

ताहेराला दमा होता. पाऊस लागला की तिला आडवे होता येत नसे. मांडीवर उशी घेऊन, उशीवर कोपरे टेकून, ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत बसलेली असे. हे मी पाहिले थोडे आणि वाचले अधिक. तिची आई मैमुना शाळेतल्या मास्तरांकडून मला पत्रे लिहवून घेई, त्यांत ते असे. १९५८च्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितले, "हिला ओल्या हवेतून बाहेर काढा. असे आणखी दोन पावसाळे ही काढील असे मला वाटत नाही."

मी ज्या देशात नोकरी करीत होतो तेथे पाऊस वर्षाकाठी चार दिवस पडे, एखाद्या वर्षी तेवढाही नाही. तेव्हा तिला येथे आणणे हा आता संसारसुखाचा प्रश्न राहिला नव्हता. तो तिच्या श्वासाचा प्रश्न झाला होता. परंतु कुटुंब आणायचे तर राहण्याची स्वतंत्र जागा दाखवावी लागे, आणि ती माझ्या आवाक्याबाहेर होती. मालकाने एवढी सवलत दिली की, आवाराच्या उत्तरेकडील भिंतीलगत मी काही उभे केले तर तो हरकत घेणार नाही. काय उभे करावे हे मात्र मला कित्येक महिने सुचले नाही.

जूनमध्ये कळले की, अल खोरच्या वाटेवर तळ ठोकून असलेल्या मोजणीवाल्यांच्या एका तुकडीतला साहेब आपली चाकांवरची खोली विकून विलायतेस जात आहे. मी मजीदला घेऊन गेलो. मजीद आमच्या आवारातला सुतार. मुरूडचा, गलबते बांधणाऱ्यांच्या घरातला, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि जिभेने त्याहून मोठा.

गाडी बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, आतून प्लायवूडची, मध्ये लाकडी सांगाडा. लांबी सोळा फूट. मी निघण्यापूर्वी काय काय पाहायचे त्याची यादी केली होती. खिडक्यांच्या खालचे कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले, कारण भिजलेले प्लायवूड बोटाखाली दबते. चार ठिकाणचे स्क्रू काढून ते गंजले आहेत का ते पाहिले. कपाटांत डोके घालून वास घेतला. जमिनीवरचे लिनोलियम दोन टोकांनी उचलले. छपरावर चढून सांध्यांत भरलेला लांबीचा लगदा नखाने खरवडला, आणि शेवटी वाळूत उताणा पडून तळाच्या प्रत्येक तुळईत टोच्या खुपसून पाहिला. नवा रंग कोठे दिला आहे का, हे मी विशेष तपासले. कारण जेथे एकाच कोपऱ्याला नवा रंग असतो तेथे काहीतरी झाकलेले असते.

मजीद सावलीत उभा राहून हे सर्व पाहत होता.

"महमूदभाई, लग्न ठरवायला गेला होताव तेव्हा पोरीला तरी एवढं बघितलं होतं का?"

"पोरीच्या पाठीशी बाप उभा होता," मी तळातून म्हणालो. "ह्या गाडीला बाप नाही."

"बाप हा काय उभा हाय. लाल तोंडाचा."

साहेब सुस्वभावी होता. त्याने मला जमिनीतली चार भोके दाखवली, तळहाताएवढी, जाळी लावलेली. छपरात एक झडप होती. ती पुरती मिटतच नसे. खिडक्यांच्या वर बारीक फटी ठेवलेल्या होत्या. "एवढं लक्षात ठेवा," तो म्हणाला, "यांतलं काहीही कधी बंद करू नका. आतली हवा बाहेर गेली पाहिजे."

मी विचारले, "या वाटांनी वाळू आत येईल, विंचू येतील, पाऊस पडला तर पाणी येईल. बाहेर जायची वाट ही आत यायचीही वाट असते की नाही?"

"मी इथे दोन हिवाळे काढलेत यात," तो म्हणाला.

"आणि मी कोकणात तीस पावसाळे," मी म्हणालो.

तो हसला. मजीदही हसला. वादात मी जिंकलो होतो, निदान पुढे कोणी बोलले नाही. "घर आता तुमचं आहे," असे म्हणून साहेबाने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

उन्हाळाभर गाडी भिंतीलगत उभी राहिली. त्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात राहणे शक्य नव्हते, आणि आम्ही सारेच उघड्यावर निजत होतो. ऑक्टोबरात, ताहेराच्या येण्याची तारीख ठरल्यावर, मी गाडी तयार करावयास घेतली. ती मी कशी तयार केली हे सविस्तर सांगणे प्राप्त आहे.

आमच्याकडे गलबत पाण्यात लोटण्याआधी त्याची प्रत्येक फट बुजवतात. कापसाचे पीळ तेलात भिजवून, ते बोथट पटाशीने ठोकून ठोकून फळ्यांच्या सांध्यांत बसवायचे आणि वरून राळ ओतायची. नाखवा स्वतः दिवा घेऊन आत बसतो आणि बाहेरून कोणीतरी पाणी मारतो; आत एक थेंब आला तरी काम पुन्हा. हे मी लहानपणी शंभरदा पाहिले होते. पाणी हा बाहेरचा शत्रू आहे आणि शहाणपण म्हणजे त्याच्या वाटा बुजवणे, एवढे ज्ञान आमच्या रक्तात होते. दोह्यात हिवाळ्यात एकदोनदा झोडपून पाऊस पडतो हे मला माहीत होते. ज्या बाईला ओलीपासून वाचवण्यासाठी समुद्र ओलांडून आणायचे, तिच्या घरात त्या एकदोन पावसांचा तरी थेंब का यावा?

मजीद आणि मी तीन शुक्रवार खपलो. जमिनीतली चारही भोके आतून फळीचे तुकडे ठोकून बंद केली. खिडक्यांवरच्या फटींत कापूस ठासला. छपरातली झडप ठोकून मिटवून तिच्या कडांवर राळ ओतली. खिडक्या उघडत त्या बाजूंना रबराच्या पट्ट्या लावल्या. मग मजीदने दहा डबे पाणी छपरावर ओतले आणि मी कंदील घेऊन आत बसलो. एक थेंब आला नाही.

"आता हिला समुद्रात सोडली तरी जयगडला जाईल," मजीद म्हणाला.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला ताहेरा आगबोटीने आली. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि वाळवलेल्या निरगुडीच्या पाल्याचे एक मोठे गाठोडे. ते तिच्या आईने दिले होते आणि मास्तरांकडून मला वेगळी चिठ्ठीही लिहवली होती: हवा कितीही चांगली असो, पोरीचा वाफारा चुकवू नये; सकाळ-संध्याकाळ निरगुडी व ओवा उकळून, डोक्यावरून चादर घेऊन वाफ घ्यावी; वाडीत दम्याला यावाचून दुसरे औषध नाही.

ताहेरा दारात उभी राहून आत पाहत होती. पलंग, कपाट, स्टोव्ह, खिडकीला मी स्वतः शिवलेला पडदा.

"चाकं कशाला ठेवलीत?" तिने विचारले. "मी आल्यावर पळून जायला?"

"चाकांशिवाय तिला गाडी म्हणता येणार नाही."

"मग घर म्हणा." आणि ती आत आली.

ते पहिले पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले आठवडे होते, आणि हे विधान मी पुरेसा विचार करून करीत आहे. ती आडवी झोपे. आवारातून रस्त्यापर्यंत न थांबता चालत जाई. शुक्रवारी मजीद जेवायला येई, आणि ती दोघे मिळून माझी थट्टा करीत. मी मात्र माझ्या कामात चुकत नव्हतो. पहाटेच्या नमाजानंतर आणि मगरिबनंतर, दिवसातून दोन वेळा, मी स्टोव्हवर शेरभर पाण्याचे पातेले चढवी, पाला टाकी, पाणी खळखळू लागले की तिला चादरीखाली बसवी आणि पाणी पार आटेपर्यंत स्टोव्ह बंद करीत नसे. हिवाळ्याची थंडी पडू लागली होती. म्हणून वाफाऱ्याच्या वेळी खिडक्या मिटलेल्या असत. वाफाऱ्यानंतर गार वारा लागू नये असे मैमुनाच्या चिठ्ठीतच होते, तेव्हा त्या मिटलेल्याच राहत.

"आता मी बरी हाय," ती म्हणे. "रोज रोज कशाला?"

"बरी आहेस ती वाफाऱ्यामुळे की हवेमुळे, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून दोन्ही चालू ठेवायचे."

डिसेंबरच्या अखेरीस एके सकाळी ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "अवो, कुबट वास येतोय. पावसाळ्यात पेटी उघडली की येतो तसा."

मी हुंगले. मला वास आला नाही. आज मला वाटते, आला असावा. पण ज्या गोष्टीला कारण नाही ती नाकाने मान्य करायची माझी तयारी नव्हती.

"ओल येण्यास पाणी पाहिजे," मी म्हणालो. "पाणी येण्यास वाट पाहिजे. वाट एकही नाही, हे मी आत बसून तपासलेले आहे. शिवाय गेल्या आठ महिन्यांत पाऊस पडलेला नाही. तेव्हा ओल असूच शकत नाही."

"वास येतोय, एवढंच मी म्हणतेय."

"वास हा पुरावा नव्हे."

"तुमच्यासमोर यायचं तर पाण्यानं पण कागदपत्रं घेऊन यायला हवं," ती म्हणाली, आणि चहा करायला उठली.

आणखी काही दिवसांनी पलंगाच्या बाजूची भिंत सकाळी हाताला गार आणि ओलसर लागू लागली. खिडकीच्या काचेवर आतून थेंब दिसत. बाहेरही पहाटे दव पडे, समुद्रावरून धुके येई, गाड्यांच्या काचा ओल्या होत. मी तिला ते दाखवले. साऱ्या दोह्यात दव पडते; सूर्य वर आला की वाळते. तिने हाताने भिंत पुसली, हात ओढणीला पुसला आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही याचा अर्थ तिला पटले असा मी केला. वादात गप्प होणारा माणूस हरलेला असतो, ही माझी समजूत फार जुनी होती.

जानेवारीत तिची छाती पुन्हा वाजू लागली. प्रथम पहाटे, मग दिवसभर. मी वाफारा वाढवला नाही, कारण चिठ्ठीत दोन वेळा असे लिहिले होते. पण पातेले काठोकाठ भरू लागलो. महिनाअखेर तिने उशी मांडीवर घेतली.

सरकारी दवाखान्यात मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी छाती तपासली, सुई टोचली, गोळ्या दिल्या, आणि मग इंग्रजीत विचारले, "तुम्ही राहता कुठे? घरात ओल आहे का?"

ताहेराला इंग्रजी कळत नव्हते. पण डॉक्टरांनी भिंतीवर हात फिरवून दाखवला होता. तिने माझ्याकडे पाहिले.

"नाही," मी म्हणालो. "राहते घर मी स्वतः तपासून घेतले आहे. त्यात पाणी शिरण्यास वाट नाही."

परत येताना वाटेत तिने विचारले, "भिंतीचं काय विचारत होते?"

"घर कसे आहे म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"चांगले आहे."

ती पुढे चालली; तिला आता चार पावलांवर थांबावे लागे. थांबली तेव्हा म्हणाली, "चांगलंच हाय. मी काय नावं ठेवत नाय."

फेब्रुवारीची एकोणतीस तारीख, रमजानचा दुसरा रोजा होता. दुपारी पलंगाखालून पेटी काढताना ताहेराचा हात भिंतीला लागला, आणि प्लायवूडचा तुकडा भिजलेल्या पावासारखा तिच्या हातात आला. तिने मला बोलावले. मी मजीदला बोलावले.

मजीदने खिळेकाढीने ती फळी उचकटली. आतली बाजू काळी होती. सांगाड्याच्या लाकडावर बुरशी माजली होती, दाट, लोकरीसारखी, आणि ती पलंगाच्या पूर्ण लांबीला, ताहेराची उशी असे तेथपासून पायापर्यंत पसरलेली होती. लिनोलियम उचलले तर खालची जमीन दबली. मी जूनमध्ये ज्या तुळईत टोच्या खुपसला होता आणि तो शिरला नव्हता, तीत आता मजीदचे बोट शिरले.

"पाणी आलं कुठनं?" मजीद म्हणाला.

आम्ही छपरावर चढलो. राळ जशी ओतली तशी होती. रबराच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. तळ बाहेरून पाहिला. बाहेरून तो कोरडा ठणठणीत होता. मजीद वाळूत बसला. रोज्यामुळे त्याचे ओठ सुकले होते.

"महमूदभाई, बाहेरून नाय आलं," तो म्हणाला. "आतलं हाय हे. आतच होतं. गलबताला आपण पाणी बाहेर ठेवायला बुजवतो. हिच्यात पाणी आत होतं नि आपण बुजवलं."

"आत कोणते पाणी?"

त्याने दाराकडे पाहिले. दाराशी, पायरीच्या बाजूला, सकाळच्या वाफाऱ्याचे पातेले उपडे घातलेले होते. तो काही बोलला नाही. आणि या वेळी गप्प राहणारा माणूस हरलेला नव्हता.

आमच्याकडे पाणी टँकरवरून डब्यांनी येई, त्यामुळे हिशेब सोपा होता. बारा नोव्हेंबरपासून त्या दिवसापर्यंत एकशेदहा दिवस. दिवसाला दोन पातेली. प्रत्येक पातेल्यात निदान एक शेर. पातेले रोज आटून कोरडे होत होते, हे मी रोज पाहत होतो, आणि ते पाणी कोठे जाते हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दोनशेवीस शेर. रॉकेलच्या डब्यात वीस शेर मावते. म्हणजे अकरा डबे. मजीदने छपरावर ओतलेल्या दहा डब्यांतला एक थेंब मी आत येऊ दिला नव्हता, आणि नंतर अकरा डबे स्वतःच्या हातांनी तिच्या उशाशी त्या भिंतींत भरले होते. रात्री पत्रा गार होई, वाफेचे पाणी होई, आणि त्या पाण्याला बाहेर जाण्यासाठी साहेबाने ठेवलेली एकही वाट मी शिल्लक ठेवली नव्हती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ज्या हवेतून तिला काढावयास सांगितले होते, ती हवा मी येथे पेटीत बंद करून तिला दिली होती.

मजीदने दोन दिवसांत गाडीशेजारी खजुरीच्या झावळ्यांची झोपडी उभारली. इथले लोक तिला बरस्ती म्हणत. झावळ्यांच्या फटींतून वारा आरपार जाई. ताहेराचा पलंग तेथे नेला. निरगुडीचे गाठोडे मी स्टोअरमध्ये नेऊन ठेवले आणि पाला संपला असे तिला सांगितले. सहा दिवसांत तिचा श्वास पुष्कळ मोकळा झाला. ती टेकून झोपू लागली. मजीद इफ्तारचा खजूर घेऊन आला की ती त्याला म्हणे, "मजीदभाई, तुमच्या मित्रानं मला बंगल्यातून झोपडीत आणलं." मला आशा वाटू लागली होती, हे मी लपवीत नाही.

सातव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. तीन दिवस गार वाळू उडत राहिली. झोपडीला गोणपाटे बांधली तरी वारा येईच, आणि गाडीत तिला परत नेता येत नव्हते. तिला ताप भरला. दवाखान्यात दाखल केले तेव्हा डॉक्टर म्हणाले की, दोन्ही फुप्फुसे धरली आहेत आणि ती आधीच फार थकलेली आहेत. त्यांनी मला घराविषयी पुन्हा काही विचारले नाही.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, ती जरा हुशारीत होती. पाठीशी तीन उशा होत्या. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आले होते.

"पाणी कुठनं आलं ते कळलं का?" तिने विचारले.

माझ्याजवळ कारण होते, मोजमाप होते, साक्षीदार होता. आयुष्यात इतके पक्के म्हणणे माझ्याजवळ कधीच नव्हते. आणि ते तिला सांगायचे म्हणजे काय सांगायचे? की तुझ्या आईने प्रेमाने जो पाला वाळवून दिला, मी प्रेमाने जो रोज उकळला, आणि तू नको म्हणत असताना माझ्या शब्दाखातर ज्याची वाफ छातीत ओढलीस, त्यानेच हे केले?

"छपरातून," मी म्हणालो. "झडपेच्या कडेला एक बारीक फट राहिली होती."

"मजीदभाई तर म्हणाले, छप्पर ठीक हाय."

"त्याच्या नजरेतून सुटले."

"पाऊस तर पडलाच नाय."

"दवाने."

तिने डोळे मिटले, आणि मला वाटले तिला झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "छपरातूनच असंल. तुमी म्हणताव म्हणजे असंल." तिच्या ओठांवर थट्टेची ती छटा होती जी मला नऊ वर्षांत नेहमी उशिरा कळे. तिने चादरीवरून हात सरकवून माझ्या हातावर ठेवला. हात तापलेला होता.

मी ते तिला वाचवण्यासाठी बोललो की स्वतःला, याचा निर्णय मी अनेकदा दोन्ही बाजू मांडून करू पाहिला आहे. दोन्ही बाजूंना मजबूत कारणे आहेत. निर्णय होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलता, असरच्या नमाजाच्या सुमारास ती गेली. रमजानचे मरण नशीबवानाला येते, असे जनाज्याला आलेले सगळे म्हणाले, आणि मी माझ्या सवयीविरुद्ध कोणालाही उलटून काही विचारले नाही. दफन झाल्यावर मजीदने गाडी सुटी केली. जे लाकूड जळण्याजोगे होते ते त्याने जाळले. पत्रा कोणी तरी बकऱ्यांच्या गोठ्यासाठी नेला.

ईदनंतर तीन आठवड्यांनी मैमुनाचे पत्र आले. अक्षर मास्तरांचे, शब्द तिचे. जावयाला तिने धीर दिला होता. पोर नशिबात तेवढीच होती, असे म्हटले होते. ज्या घरात ती शेवटी राहिली ते कसे होते ते कळवा, असे विचारले होते. ताहेराने पत्रात लिहिले होते म्हणे, की घराला चाके आहेत आणि खिडकीचा पडदा त्यांनी स्वतः शिवला आहे. मग शेवटी, ओळ सोडून, वेगळे लिहिले होते: एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती विचारते, राग धरू नये. परमुलखात, कामाच्या रगाड्यात, पोरीचा वाफारा चुकला तर नव्हता?

ते पत्र मी आठ दिवस जवळ ठेवले. पहिले उत्तर मी सात पाने लिहिले. त्यात जमिनीतली चार भोके होती, झडप होती, राळ होती, एकशेदहा दिवस होते आणि अकरा डबे होते. ते सर्व खरे होते आणि ते वाचून मैमुनाला उरलेल्या आयुष्यात निरगुडीच्या झाडाकडे पाहता आले नसते. ते मी फाडले. दुसरे उत्तर अर्ध्या पानाचे झाले. घर लहान पण चांगले होते, दवाखाना चांगला होता, जनाज्याला माणसे पुष्कळ होती. वाफाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना मात्र मला काहीही बनवावे लागले नाही.

मी लिहिले: घरात होती तोवर रोज दोन वेळा दिला. एक दिवसही चुकला नाही.

जयगडकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती मी ते पत्र दिले. जूनमध्ये मैमुनाचे उत्तर आले. तिकडे पाऊस सुरू झाला होता. तिने लिहवले होते की, माझे पत्र वाचून तिच्या जिवाला स्वस्थता आली, आणि असा जावई मिळाला हे तिच्या लेकीचे भाग्य होते.